युद्धानंतर नाव कोणाचं लागणार? रवांडातल्या जमिनीची गोष्ट

नोव्हेंबर 1996. तेव्हाच्या झैरेतल्या, म्हणजे आजच्या काँगोतल्या, गोमा शहराजवळच्या निर्वासित छावण्या मोडल्या आणि अवघ्या काही दिवसांत पाच लाखांहून जास्त माणसं डोक्यावर गाठोडी घेऊन पायी रवांडात परतली. (हेच गोमा जानेवारी 2025 मध्ये, रवांडाचा पाठिंबा असल्याचा आरोप असलेल्या एम-23 या बंडखोर गटाने घेतलं आणि रवांडाचं नाव आपल्याकडच्या बातम्यांत परत आलं.) त्या गर्दीतला एखादा शेतकरी डोळ्यांसमोर आणा. दोन वर्षांनी तो आपल्या टेकडीवर पोचतो. घर जागेवर आहे, केळीची बाग आहे, पण चूल दुसऱ्याच कोणीतरी पेटवली आहे. तो म्हणतो, हे माझं घर. आतला माणूस म्हणतो, 1959 च्या आधी ही जमीन माझ्या आजोबांची होती. त्यांना हाकललं म्हणून ती तुम्हाला मिळाली.

दोघंही खरं बोलत असतात. अशा वेळी जमीन कोणाची, हे नव्या सरकारने कसं ठरवायचं? आणि ते ठरवल्यावर लोकांच्या पोटापाण्याचं, घरातल्या नात्यांचं काय होतं? हा प्रश्न दूर आफ्रिकेतला असला, तरी ज्याने घरात एकदा वाटणीचं भांडण पाहिलंय त्याला तो लगेच कळेल.

नाशिक अधिक सातारा

रवांडाचं क्षेत्रफळ 26,338 चौरस किलोमीटर. आपले नाशिक आणि सातारा हे दोन जिल्हे जोडले की साधारण तेवढा प्रदेश होतो. या दोन जिल्ह्यांत 2011 च्या जनगणनेत मिळून 91 लाखांच्या आसपास लोक होते, तेही नाशिक शहर धरून. रवांडात 2022 मध्ये 1 कोटी 32 लाख होते, आणि त्यातले बहुतेक शेतीवर जगणारे.

सपाट जमीन कमी, टेकड्याच टेकड्या. बहुतेक कुटुंबांकडे एक हेक्टरपेक्षा कमी जमीन, आणि तीही एका जागी नाही. माथ्यावर एक तुकडा, उतारावर दोन, खाली पाणथळीत एक. बांधावर कुंपणाला 'उमुयेंझी' लावतात. फांदी मोडली की पांढरा चीक गळतो आणि डोळ्यात गेला तर आग होते. आपल्याकडे बांधावर शेर लावतात ना, तेच झाड.

आता इतिहास, मोजकाच. बेल्जियमच्या अमलाखाली असलेल्या या देशात 1959 पासून बहुसंख्य हुतू समाजाचा उठाव झाला, अल्पसंख्य तुत्सी समाजाची राजेशाही कोसळली, लाखो तुत्सी युगांडा, बुरुंडी, टांझानियात पळाले. त्यांच्या जमिनी शेजाऱ्यांत वाटल्या गेल्या. 1990 मध्ये त्या निर्वासितांच्या मुलांच्या फौजेने युगांडातून चढाई केली आणि यादवी सुरू झाली. एप्रिल 1994 पासून सुमारे शंभर दिवसांत आठ लाखांच्या आसपास माणसं मारली गेली. बहुतेक तुत्सी, आणि त्यांना वाचवणारे किंवा विरोध करणारे हुतूही. जुलैमध्ये तुत्सींची फौज जिंकली. मग सुमारे वीस लाख हुतू देशाबाहेर पळाले, आणि 1959 पासून बाहेर असलेले तुत्सी परत आले.

जमीन कमी पडली म्हणून नरसंहार झाला, असं कोणी सांगितलं तर मानू नका. तो सत्ताधाऱ्यांनी ठरवून, शस्त्रं वाटून, रेडिओवरून चिथावून घडवला. पण शेजारी गेला तर त्याचं शेत आपलं, ही लालूच त्यात होती. ज्याच्याकडे पाऊण एकर आहे त्याला ती किती मोठी वाटत असेल, हे आपल्यासारख्या शेतकरी समाजाला सांगायला नको.

एका शेताचे तीन धनी

पहिला धनी 1959 ला गेलेला, दुसरा 1994 ला गेलेला. पहिल्याबद्दलचा नियम युद्ध संपण्याआधीच, 1993 च्या अरुशा शांतता करारात ठरला होता: देश सोडून दहा वर्षांहून जास्त काळ झाला असेल आणि जमिनीवर दुसरं कोणी बसलं असेल, तर जुन्याने ती परत मागू नये; सरकारने त्याला दुसरीकडे जागा द्यावी. आपल्याकडे बारा वर्षांच्या कब्जाचं जे बोलतात, त्याच जातीचा हा नियम.

पण ही 'दुसरी जागा' आणायची कुठून? सरकारने अकागेरा राष्ट्रीय उद्यानाचा जवळजवळ दोन तृतीयांश भाग 1997 मध्ये काढून परतलेल्यांना दिला. पश्चिमेच्या गिश्वाटी जंगलातही वस्त्या झाल्या. तरी पुरेना. मग पूर्वेकडच्या प्रांतांत सरळ निम्मं-निम्मं करायला सांगितलं गेलं. शेतात राहणारं कुटुंब आणि परतलेलं कुटुंब, दोघांनी एकच शेत वाटून घ्यायचं. सख्ख्या भावांची वाटणी शांतपणे होत नाही. इथे तर ज्यांच्या माणसांनी एकमेकांचे जीव घेतले होते त्यांची वाटणी. नुकसानभरपाई शून्य.

ते न्याय्य होतं का? माझ्या मते नव्हतं. अर्धं शेत देणाऱ्याला तुझी तयारी आहे का, असं कोणी विचारलं नाही, आणि त्या काळात उघडपणे नाही म्हणण्याची हिंमत फार थोड्यांत होती. पण पर्याय काय होता, हेही प्रामाणिकपणे विचारायला हवं. लाखो हत्यारबंद, जखमी माणसं असलेल्या देशात एका बाजूला पूर्ण रिकाम्या हाताने ठेवणं म्हणजे पुढच्या युद्धाची पेरणी. इतक्या मोठ्या वाटणीनंतर जमिनीवरून परत तसं रक्त सांडलं नाही, ही गोष्ट लहान नाही.

त्याच सुमारास, 1996 च्या डिसेंबरपासून, 'इमिदुगुदु' नावाचं धोरण आलं. टेकड्यांवर विखुरलेली घरं सोडून सगळ्यांनी एकत्र वसाहतीत राहायचं. शाळा, दवाखाना, पाणी देणं सोपं जाईल हा विचार होता. पण काही भागांत लोकांना स्वतःची चांगली घरं स्वतःच्या हाताने पाडायला लावली गेली, आणि शेत राहिलं मैलभर लांब. शेणखत डोक्यावर वाहून नेणाऱ्या बाईला त्या मैलाचा अर्थ विचारा.

तिसरा धनी अजून राहिलाच: विधवा. तिच्याकडे येण्यापूर्वी एक शब्द समजून घेऊ.

हा कूळकायदा नव्हता

'जमीन सुधारणा' म्हटलं की आपल्याला कसेल त्याची जमीन आठवते, 1 एप्रिल 1957 चा कृषक दिन आठवतो, सीलिंग आठवतं. मोठ्याकडून काढायची, छोट्याला द्यायची. ती झाली फेरवाटपाची सुधारणा. रवांडात त्या अर्थाने काढून घेण्यासारखा बडा जमीनदार जवळजवळ नव्हताच. तिथली खरी सुधारणा दुसऱ्या प्रकारची आहे, धारणाहक्काची. म्हणजे जमीन ज्याच्याकडे आहे त्याच्याकडेच ठेवायची. पण ती त्याची आहे हे लिहून, मोजून, नाव लावून पक्कं करायचं.

आपण म्हणू, नाव लावण्यात काय एवढं? आपल्याकडे इंग्रजांच्या काळापासून सातबारा आहे, वाद होतात ते त्यावरच्या नोंदींचे. रवांडाच्या खेड्यांत असा कागदच नव्हता. जमीन कोणाची हे म्हातारी माणसं सांगत. 1994 मध्ये ती सांगणारी माणसंच मेली किंवा परागंदा झाली. गावाची आठवण हेच ज्या देशाचं दप्तर, त्याचं दप्तर जळलं.

बायकोचं नाव

युद्धानंतर रवांडात साधारण दर तीन घरांपैकी एक घर बाई चालवत होती. नवरा मेलेला, तुरुंगात किंवा बेपत्ता. आणि रूढी सांगत होती की जमीन पुरुषाची. मुलगा लग्नाला आला की बाप त्याला शेताचा तुकडा देई, त्याला 'उमुनानी' म्हणतात. मुलीला उमुनानी नाही. नवरा मेला तर जमीन दिराकडे. बाप-भाऊ सगळे मारले गेले आणि एकटी मुलगी उरली, तरी चुलते येऊन म्हणणार, शेत आमचं.

1999 मध्ये वारसाहक्काचा नवा कायदा झाला. मुलगा आणि मुलगी समान वारस. उमुनानीही दोघांना. कायदेशीर लग्न झालेल्या नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक, आणि जमीन विकायची तर दोघांची संमती लागणार. ज्या पिढीने नवरे, बाप, भाऊ गमावले, तिच्यातल्या बायकांनी हा कायदा व्हावा म्हणून जोर लावला होता.

इथे एक तारीख सांगितल्याशिवाय राहवत नाही. महाराष्ट्राने हिंदू वारसा कायद्यात दुरुस्ती करून मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत जन्मतः हक्क दिला, तो लागू झाला 22 जून 1994 रोजी. त्या दिवशी रवांडात कत्तली चालूच होत्या. आपला कायदा त्यांच्यापेक्षा पाच वर्षं जुना. तरी माझ्या आत्याने हक्कसोड पत्रावर सही केली ती हसत हसत, 'माहेर तुटायला नको' म्हणून. सहीनंतर भावाने आणलेली साडी तिने कधी नेसलेली मला आठवत नाही. कायदा आपल्याकडेही होता. नाव लावायला दारात कोणी आलं नाही.

रवांडात ते आले. 2009 ते 2013 या काळात देशातला प्रत्येक तुकडा नोंदवला गेला, एक कोटीहून जास्त तुकडे. कागदावर नवऱ्यासोबत बायकोच्या नावाचीही जागा होती आणि ती भरायला सांगितलेलं होतं. निम्म्याहून जास्त तुकड्यांवर दोघांची नावं एकत्र लागली. एकट्या बाईच्या नावावरचे तुकडे एकट्या पुरुषाच्या नावावरच्यांपेक्षा जास्त निघाले. शरद जोशींनी शेतकरी संघटनेतर्फे लक्ष्मीमुक्तीची हाक देऊन बायकोच्या नावावर जमीन करायला सांगितलं होतं, ते ज्यांना आठवतं त्यांना याची किंमत समजेल.

सगळ्या बायकांचं भलं झालं का? नाही. कायद्याने 'कायदेशीर लग्न' म्हटलं होतं, आणि खेड्यात अनेक जोडपी नोंदणी न करताच संसार करतात. दोन बायका करणं बेकायदा, म्हणून दुसरी बायको कायद्याला दिसतच नाही. सुरुवातीच्या चाचणीत असं आढळलं की ज्यांच्या लग्नाची नोंद नाही त्या बायकांचा हक्क उलट कमकुवत होतोय. आधी रूढीने जे थोडंफार होतं तेही कागदावर पुसलं जातंय. मग अर्ज बदलला, अशा बाईचंही नाव लिहिता येईल अशी सोय केली. आधी चार ठिकाणी करून पाहिलं म्हणून ही चूक सापडली. एकदम देशभर केलं असतं तर लाखो बायकांच्या नशिबी आली असती.

हवाई फोटोवर पेनाची रेघ

चार-पाच वर्षांत एक कोटी तुकडे मोजले कसे, हा प्रश्न आपल्याकडे मोजणीची तारीख मिळायची वाट पाहणाऱ्या प्रत्येकाला पडेल.

उत्तर असं की त्यांनी आपल्या अर्थाने मोजलेच नाहीत. विमानातून टेकड्यांचे फोटो काढले, मोठ्या कागदावर छापले. गावातल्याच तरुण मुलामुलींना थोडं प्रशिक्षण दिलं. ठरलेल्या दिवशी शेताचा मालक, चारी बाजूंचे शेजारी आणि गावच्या समितीची माणसं बांधावर जमायची. मालक बांधावरून चालत जायचा. फोटोत ती शेराची रांग, तो दगड, ती केळ दिसते का ते सगळे मिळून पाहायचे, आणि मुलगी फोटोवर पेनाने रेघ ओढायची. शेजारी म्हणाले बरोबर, की तुकड्याला क्रमांक आणि मालकाच्या हातात पावती. भांडण असेल तर वेगळी पावती: इथे वाद आहे. म्हणजे दोन-चार भांडणांपायी सगळ्या टेकडीचं काम अडत नव्हतं.

रेघ एखादा मीटर इकडेतिकडे होणार, हे मान्य करूनच हे केलं होतं. खर्च आला तुकड्यामागे सहा-सात डॉलर. बहुतेक पैसा परदेशी मदतीचा, त्यात ब्रिटनचा वाटा मोठा. आपल्याकडे स्वामित्व योजनेत ड्रोनने गावठाणं मोजतात त्याच्याशी हे जुळतं. फरक एवढाच की तिथे शेतं मोजली गेली, आणि रेघेवर शिक्कामोर्तब शेजाऱ्याने केलं.

'कागदाने पोट भरतं का?'

लगेच नाही. पण कागदाने माणूस शेतात काय करतो, ते बदलतं. चाचणीच्या भागात जागतिक बँकेच्या अर्थतज्ज्ञांनी पाहणी केली तेव्हा नोंद झालेल्या शेतांवर बांधबंदिस्तीचं काम स्पष्टपणे वाढलेलं दिसलं, आणि बाई चालवत असलेल्या घरांत ही वाढ पुरुषांच्या जवळजवळ दुप्पट होती. कारण सरळ आहे. उतारावर बांध घालणं, चर खणणं हे कंबर मोडणारं काम, फळ चार पावसाळ्यांनी. पुढच्या वर्षी दीर शेत काढून घेईल अशी धास्ती असेल तर कोणती बाई ते करेल? नाव लागलं, धास्ती गेली, कुदळ हातात आली. टेकड्यांच्या देशात माती वाहून न जाणं हेच मोठं उत्पन्न आहे.

दुसरी आशा मात्र फसली. कागद तारण ठेवून शेतकरी कर्ज काढेल, धंदा करेल, असं सांगितलं जायचं. छोट्या शेतकऱ्याला कर्ज सुरुवातीला तरी काही वाढलं नाही. यात नवल नाही. हप्ता थकला तर डोंगरउतारावरचे पंधरा गुंठे बँक कोणाला विकणार?

'पण जमीन सरकारचीच ना?'

कागदावर बहुतेकांना मिळाला तो भाडेपट्टा, शेतजमिनीसाठी 99 वर्षांचा. नवी मुंबईत सिडकोच्या जमिनीवर घर असलेल्यांना हा प्रकार ओळखीचा आहे. विकता येतं, वारसांना देता येतं, तरी वरचा धनी सरकार. रोजच्या जगण्यात यामुळे फारसं अडत नाही. अडतं ते सरकारला जमीन हवी असते तेव्हा. राजधानी किगालीत कांगोंडो आणि किबिरारो या दाटीच्या वस्त्यांतल्या लोकांना रोख मोबदला हवा होता, सरकार बदल्यात बुसांझा भागात सदनिका देत होतं. वर्षानुवर्षं कोर्टकचेऱ्या झाल्या आणि 2022 मध्ये वस्ती हलवली गेली. कागद शेजाऱ्यापासून, दिरापासून चांगलं रक्षण करतो. सरकारपासून तेवढं करत नाही.

शेतावरही सरकारचा हात पोचतो. 2008 पासून 'जमीनवापर एकत्रीकरण' सुरू झालं. मालकी आणि बांध तसेच, पण टेकडीवरच्या सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं, मका किंवा बटाटा किंवा घेवडा. बदल्यात खत-बियाणं सवलतीत. आपल्याकडच्या गटशेतीसारखं, फक्त पीक वरून ठरलेलं. मक्याचं उत्पादन झपाट्याने वाढलं. पण ज्या बाईच्या चार तुकड्यांत घेवडा, रताळी, ज्वारी, केळी असं मिश्र असायचं, एक गेलं तर दुसरं वाचायचं, तिच्याकडे आता एकदम सगळा मका येतो. सगळ्यांचाच येतो, भाव पडतो, आणि खायला लागणारं विकत घ्यावं लागतं. स्थानिक अधिकाऱ्यांना 'इमिहिगो' नावाच्या करारपत्रात लक्ष्य दिलेलं असतं, ते गाठण्यासाठी नको असलेलं पीक उपटून टाकल्याचंही अभ्यासकांनी नोंदवलं आहे. नाव माझं लागलं, पण पेरायचं काय ते मी ठरवायचं नाही, हे मला या सगळ्या सुधारणेतलं सर्वांत खुपणारं वैगुण्य वाटतं.

तुकडेबंदी तिथेही आली आणि गेली

वाटण्या होऊन तुकडे बारीक होतात म्हणून आपल्याकडे 1947 चा तुकडेबंदी कायदा आहे. 2025 मध्ये सरकारने नागरी भागांत तो सैल केल्याने त्याची चर्चा पुन्हा झाली. रवांडानेही 2013 च्या कायद्यात लिहिलं की शेतजमिनीची एक हेक्टरपेक्षा लहान वाटणी करायची नाही. आता बहुतेकांकडे मुळातच हेक्टरपेक्षा कमी आहे, तिथे काय होणार? तेच झालं जे आपल्याकडे होतं. भावंडांनी शेत वाटून घेतलंच, फक्त नोंदवलं नाही. 2021 च्या नव्या कायद्यात ही अट काढली गेली.

नोंद करायची नाही याला आणखी कारणं होती. पहिल्यांदा नाव लावायला शेतकऱ्याला फक्त 1,000 फ्रँक पडले होते. पुढे खरेदीची नोंद करायची तर 30,000 फ्रँक. चिंचोळ्या तुकड्याच्या किमतीचा मोठा घास त्यातच जायचा. शिवाय तालुक्याला खेटे. म्हणून खेड्यातले बरेचसे व्यवहार साध्या कागदावर, दोन साक्षीदारांपुढे होऊ लागले. 2023 पासून कागदाऐवजी संगणकीय उतारा मिळतो, खेटे कमी झालेत. पण उताऱ्यावर जो मालक दिसतो तो शेतात असेलच असं नाही.

आणि साध्या कागदावरच्या विक्रीत बायकोची सही लागत नाही.

मग भांडण लागलं तर?

ते आधी 'अबुंझी'कडे जातं. अबुंझी म्हणजे गावाने निवडलेले, पगार न घेणारे मध्यस्थ. त्यांच्यापुढे येणाऱ्या वादांत जमिनीचे भरपूर असतात, आणि आता 1959 किंवा 1994 चं नाव त्यात क्वचित निघतं. आता वाद एकाच घरातले: सावत्र भाऊ, दुसरी बायको, आणि लग्न होऊन गेलेली बहीण. भाऊ म्हणतो, तिला सासरी आहे की. बहीण म्हणते, कायदा समान म्हणतो. अबुंझींचा कल समेटाकडे असतो. त्यामुळे पुष्कळदा तिला निम्म्याऐवजी एखादा लहानसा तुकडा मिळतो, बहुधा उताराचा. ती तो घेते, आणि पावसाळ्याआधी कडेने शेराच्या फांद्या खोचते.